जाळ्याचे माप आधी पारखावे

वजनमापाचा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु खेड्यातील देवघेवीचा सारा विश्वास त्यावरच उभा असतो. देशात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वी पायली आणि शेर ही मापे ठिकठिकाणी निरनिराळी असत. एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारी भरत नसे, आणि या फरकाचा तोटा बहुधा माल विकणाऱ्यालाच सोसावा लागे. आजही ऊस उत्पादक कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी चढताच आकड्याकडे नजर लावून उभा राहतो. दूध उत्पादक संकलन केंद्रावर फॅटचा आकडा स्वतः वाचून घेतो. त्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल त्या आकड्यावर ठरत असल्यामुळे ही दक्षता योग्यच होय.

किनाऱ्यावरील मच्छीमारापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. त्याच्या बाबतीत माप घ्यावयाचे असते ते जाळ्याच्या आसाचे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेताच्या बांधावर जो न्याय आपण मागतो, तो बंदराच्या धक्क्यावरही मिळतो किंवा नाही, हे पाहणे आता कृषी विस्ताराच्या कार्यकर्त्यांचेही काम झाले आहे.

आसाला एवढे महत्त्व का ?

जाळ्याच्या चार गाठींमधील मोकळ्या जागेस आस म्हणतात. आस मोठा असला की लहान मासळी त्यातून निसटते, वाढते आणि एकदा तरी अंडी घालून आपला वंश पुढे चालविते. आस बारीक असला की पिल्लेही मोठ्या मासळीबरोबर नौकेवर येतात. ही पिल्ले माणसाच्या ताटात क्वचितच जातात. त्यांचा बराचसा भाग कुटीसाठी कवडीमोलाने विकला जातो. बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखाच हा प्रकार होय.

पापलेटास २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान देण्यात आला. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडावयाची किमान लांबी राज्यात ठरविण्यात आली. हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. तथापि धक्क्यावर मासळी मोजून लहान निघाली, तर ती आधीच मेलेली असते. तिला पुन्हा समुद्रात टाकून काही साधत नाही. पिल्लू वाचवावयाचे असेल तर ते पाण्यातच वाचविले पाहिजे, आणि ते काम जाळ्याचा आसच करू शकतो.

या दृष्टीने किनारी राज्यांनी आसाविषयी नियम केले आहेत. महाराष्ट्रात २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यासाठी किमान २५ मिलिमीटर आसाची अट घालण्यात आली. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीस ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा, अशी केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेची शिफारस आहे. गुजरातच्या २००३ च्या नियमांत तशी तरतूद आली आणि सिंधुदुर्गातही या जाळ्याचा प्रसार करण्यात आला. चौकोनी आसाचा लाभ उघड आहे. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसताच मिटतो. चौकोनी आस ओढीखालीही उघडा राहतो, आणि पिल्लांना वाट मिळते.

नियमाचा हेतू असा चांगला आहे. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. नियमातील ४० मिलिमीटर आणि धक्क्यावरील ४० मिलिमीटर एकच आहेत, हे कोण ठरविणार ?

एकाच जाळ्याची दोन मापे

समजा, एका नौकेवर तपासणी झाली. पहिल्या अधिकाऱ्याने आसात मापक जोराने दाबून पाहिला, आणि माप ४१ मिलिमीटर भरले. दुसऱ्याने तोच आस हलक्या हाताने मोजला, आणि माप ३८ भरले. दोघेही प्रामाणिक आहेत, जाळेही तेच आहे. परंतु पहिल्याच्या हाती तांडेल निर्दोष ठरतो आणि दुसऱ्याच्या हाती गुन्हेगार. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ च्या सुधारणेने त्यातील दंडाच्या रकमा पुष्कळ वाढविण्यात आल्या. अशा स्थितीत दोन-तीन मिलिमीटरांचा फरक हा एका कुटुंबाच्या हंगामाचा प्रश्न होऊन बसतो.

हा फरक का पडतो, याची कारणे साधी आहेत. जाळे हे लोखंडी पट्टीप्रमाणे ताठ नसते. ते दोऱ्याचे असते, आणि दोरा ताणला की लांबतो. जितका जोर अधिक, तितका आस मोठा. जाड आणि ताठ दोऱ्याचे जाळे हलक्या हाताने पुरते उघडतच नाही. नायलॉनचा दोरा पाणी शोषतो; म्हणून कोरड्या जाळ्याचे आणि ओल्या जाळ्याचे माप सारखे येईलच असे नाही. नव्या जाळ्याच्या गाठी वापराने आवळतात. पिशवीच्या तोंडाशी किंवा दोरखंडाजवळ आस आवळलेले असतात, मधोमध मोकळे असतात.

यापेक्षाही मोठा घोटाळा शब्दांचा आहे. बाजारात जाळे विकताना आसाची लांबी सांगितली जाते ती सामान्यतः एका गाठीच्या मध्यापासून समोरच्या गाठीच्या मध्यापर्यंतची. मासा मात्र गाठींच्या आतील मोकळ्या जागेतून जातो. ही मोकळी जागा गाठीच्या जाडीइतकी कमीच असते. जाळ्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही या दोन मापांसाठी दोन स्वतंत्र भाग आहेत. म्हणून दुकानातून ४० चे जाळे विश्वासाने आणणारा मच्छीमार तपासणीत ४० पेक्षा कमी भरू शकतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. चौकोनी आसाच्या बाबतीत तर एक बाजू मोजली की सुमारे २० येतात, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून मोजले की सुमारे ४०. कोठून कोठपर्यंत मोजावयाचे हे ज्या नियमात स्पष्ट नसेल, तो नियम कितीही कडक असला तरी अपुराच म्हणावा लागेल.

युरोपातील अनुभव

हा वाद केवळ आपल्याकडचाच नाही. युरोपातील मासेमार राष्ट्रांनी तो पुष्कळ वर्षे अनुभवला आहे, आणि त्यांच्या अनुभवातून आपल्याला शिकण्यासारखे आहे.

तेथे निरीक्षकांच्या हाती एक पाचर असे. ही २ मिलिमीटर जाडीची, एका टोकाकडे निमुळती होत गेलेली सपाट पट्टी होती. ती आसात घालावयाची, जेथे अडेल तेथील आकडा वाचावयाचा. साधन स्वस्त, टिकाऊ आणि कोणासही समजेल असे होते. परंतु जोर माणसाच्या हाताचा होता, म्हणून माप माणसागणिक बदलत असे. संशोधकांनी आपल्या कामासाठी १९६२ च्या सुमारास स्प्रिंगचा मापक स्वीकारला. त्यात ४ किलोग्रॅमची ओढ ठरलेली होती. त्यामुळे संशोधकांपुरती एकवाक्यता आली, पण नवीच विसंगती निर्माण झाली. कोणता आस असावा हे संशोधक एका साधनाने सांगत, आणि तो आहे की नाही हे निरीक्षक दुसऱ्या साधनाने पाहत. शिवाय पुढे ट्रॉल जाळ्यांचे दोरे जाड व ताठ होत गेले, आणि ४ किलोग्रॅमची ओढ त्यांना उघडण्यास अपुरी पडू लागली.

यावर उपाय म्हणून बेल्जियम, स्कॉटलंड व इटली येथील संशोधकांनी मिळून ओमेगा नावाचा इलेक्ट्रॉनिक मापक सिद्ध केला. याला दोन जबडे असतात. ते आसात घातले की आतील मोटर त्यांना ठराविक गतीने दूर सारते. ठरलेली ओढ गाठली की मोटर थांबते; दोरा सैल पडून ओढ कमी झाली तर ती पुन्हा चालते, आणि ओढ स्थिर झाल्यावरच आकडा पक्का होतो. माणसाने फक्त यंत्र धरावयाचे असते. किती जोर लावावयाचा हे त्याच्या हाती राहत नाही. मोजलेले आकडे यंत्र साठवून ठेवते आणि सरासरीही काढून देते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की यंत्र तयार झाले म्हणून ते लगेच निरीक्षकांच्या हाती दिले गेले नाही. प्रथम प्रयोगशाळेत आणि नंतर प्रत्यक्ष नौकांवर व बंदरांत त्याच्या चाचण्या झाल्या. निरनिराळ्या माणसांनी ते वापरून पाहिले. जुन्या मापकांशी त्याची तुलना झाली. मोजणाऱ्याच्या हाताचा परिणाम या यंत्रात उरत नाही, असे दिसून आले. या चाचण्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर २००८ च्या नियमाने युरोपीय संघाने या मापकास मान्यता दिली.

त्या नियमातील पद्धत पाहण्यासारखी आहे. ओढ आसाच्या आकारानुसार ठरलेली आहे. ३५ मिलिमीटरपेक्षा लहान आसास २० न्यूटन, म्हणजे सुमारे २ किलो वजनाची ओढ. ३५ ते ५५ मिलिमीटरपर्यंतच्या आसास ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलो. आणि त्याहून मोठ्या आसास १२५ न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतेरा किलो. जाळे ओले असले पाहिजे. दोरखंड व शिवणीपासून ५० सेंटिमीटरच्या आतील आस मोजावयाचे नाहीत. फाटलेले किंवा दुरुस्त केलेले आसही वगळावयाचे. एकच आस पाहून निकाल द्यावयाचा नाही, तर ओळीने २० आसांची सरासरी काढावयाची. ती कमी भरली तर आणखी २० आसांच्या दोन ओळी मोजून ६० आसांची सरासरी धरावयाची. यंत्राच्या पडताळणीसाठी खाचा पाडलेली प्रमाणित पट्टी आणि टांगावयाची प्रमाणित वजने असतात. पट्टीवरून लांबी आणि वजनांवरून ओढ बरोबर आहे की नाही, हे तपासता येते.

आपल्याकडे चाचणी कशी व्हावी ?

युरोपात यंत्र यशस्वी झाले, म्हणून ते विकत आणून गस्ती पथकांच्या हाती द्यावे, असे कोणी सुचवील तर ती घाई ठरेल. विदेशातील सुधारित बियाणे आपण प्रथम प्रक्षेत्रावर पेरून पाहतो, आपल्या मातीत ते कसे उगवते हे पाहतो आणि मगच शेतकऱ्यास त्याची शिफारस करतो. यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम असावयास हवा.

आपल्या किनाऱ्यावरील जाळी एका जातीची नाहीत. ट्रॉलची पिशवी जाड दोऱ्याची असते. पापलेटासाठी लावावयाच्या गिलनेटचा दोरा बारीक असतो. त्यास अधिक ओढ दिली तर मोजण्याऐवजी तो ताणलाच जाईल. पालघर, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावरील डोल जाळ्याचा खोला आणखी निराळा. त्यात येणारा बोंबील मऊ आणि निमुळता. या प्रत्येक जाळ्यासाठी कोणती ओढ योग्य, हे येथेच प्रयोग करून ठरविले पाहिजे. यंत्राला आपली खारी हवा, पावसाळी दमटपणा आणि धक्क्यावरील हाताळणी कितपत मानवते, बॅटरी दिवसभराच्या कामास पुरते काय, बिघडल्यास दुरुस्ती कोठे होते, हेही त्याच वेळी पाहावे.

चाचणीची रीत अवघड नाही. एकाच जाळ्याचे तेच २० आस पाच-सहा निरनिराळ्या व्यक्तींनी मोजावेत. त्यांत अधिकारी असावा, सागरमित्र असावा आणि तांडेलही असावा. प्रथम साध्या पाचरीने, नंतर यंत्राने. जाळे कोरडे असताना एकदा, ओले असताना एकदा. नवे जाळे आणि एक हंगाम वापरलेले जाळे, अशी दोन्ही घ्यावीत. सर्व आकडे फळ्यावर लिहावेत. कोणाच्या हाती किती फरक पडतो, हे तेथे जमलेल्या प्रत्येकास आपोआप दिसेल. पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जाळ्यांची दुरुस्ती चालू असते. या कामास त्याहून चांगला काळ नाही.

या चाचण्या मच्छीमारांच्या समक्ष झाल्या पाहिजेत, हा यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. बंद खोलीत सिद्ध झालेले यंत्र धक्क्यावर संशयाचेच ठरते. दुधाचे फॅट काढणारे यंत्र गावात आले तेव्हाही उत्पादकाचा विश्वास बसला तो यंत्राच्या चकचकीतपणामुळे नव्हे. एकाच दुधाचा नमुना पुन्हा लावला तरी तोच आकडा येतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले तेव्हा.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जाईल. प्रत्येक बंदरावर इलेक्ट्रॉनिक मापक ठेवणे सहज शक्य होणार नाही, हे खरे. परंतु यंत्रामागील तत्त्व महाग नाही. जोर ठरलेला असावा आणि तो मोजणाऱ्याच्या हाताबाहेर असावा, एवढेच ते तत्त्व आहे. युरोपातही इलेक्ट्रॉनिक मापक येण्यापूर्वी, वाद उत्पन्न झाल्यास पाचरीला ठराविक वजन टांगून पुन्हा मोजण्याची सोय होती. ३५ मिलिमीटरपर्यंतच्या आसास २ किलोचे आणि त्याहून मोठ्यास ५ किलोचे. प्रमाणित पाचर आणि शिक्क्याचे ५ किलोचे वजन या दोन वस्तू कोणत्याही मच्छीमार संस्थेस परवडतील. जोपर्यंत यंत्र येत नाही तोपर्यंत एवढी व्यवस्था तरी आज करता येण्यासारखी आहे. यंत्राची खरी जागा वादाचा निकाल देण्याची असावी. रोजच्या पाहणीस पाचर आणि वजन पुरेसे होईल.

दुसरा आक्षेप असा, की ज्यास नियम मोडावयाचा आहे तो कसाही मोडील. पिशवीच्या आत बारीक आसाचे दुसरे अस्तर लावले, तर बाहेरचा आस कितीही अचूक मोजला तरी व्यर्थच. हा आक्षेपही खरा आहे. यंत्र लबाडी शोधत नाही, ते केवळ माप सांगते. अस्तर शोधण्यास माणसाची नजर आणि गावाची लाजच लागते. परंतु याच कारणाने माप निर्विवाद असणे अधिक आवश्यक ठरते. माप वादग्रस्त असले की प्रामाणिक तांडेल आणि लबाड तांडेल एकाच बाजूस उभे राहतात, आणि दोघांचेही गाऱ्हाणे सारखेच ऐकू येते. माप पक्के झाले की प्रामाणिक माणूस नियमाच्या बाजूस येतो, आणि लबाडास एकटे पडावे लागते.

यंत्राविषयी आंधळी श्रद्धाही तितकीच घातक होय. इलेक्ट्रॉनिक काटाही चुकतो. म्हणूनच वैधमापन यंत्रणेकडून त्याची वेळोवेळी पडताळणी करून घ्यावी लागते. आस-मापकाची पडताळणी ठराविक मुदतीने व्हावी, तिची नोंद धक्क्यावर लावावी, आणि तपासणीपूर्वी यंत्र पट्टीवर व वजनावर तपासून दाखविण्याची मागणी करण्याचा अधिकार तांडेलास असावा. ज्याचे जाळे मोजावयाचे त्यालाच यंत्र पारखू देण्यात अधिकाऱ्याचा कमीपणा नाही. उलट त्यामुळे अधिकाऱ्याच्या शब्दास वजन येते.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

किनारी गावांतील कार्यकर्त्यांनी या बाबतीत कायदा हाती येण्याची वाट पाहू नये. जाळे विकत घेताना गाठीच्या मध्यापासूनचे माप आणि आतील मोकळे माप यांतील फरक त्यांनी मच्छीमार बांधवांस समजावून द्यावा. नव्या जाळ्याचा एक तुकडा पाण्यात भिजवून, पाचरीला वजन टांगून, २० आसांची सरासरी कशी काढावी याचे प्रात्यक्षिक संस्थेच्या आवारात करून दाखवावे. जाळे खरेदी करताना मोकळ्या मापाचा उल्लेख पावतीवर घेण्याची सवय लावावी. कडेच्या नियमात अडकू नये म्हणून ४० ची अट असेल तेथे दोन-तीन मिलिमीटर अधिक आसाचे जाळे घेणे शहाणपणाचे, हा सल्लाही द्यावा. आणि पकडीत पिल्ले किती आली याची नोंद तांडेलाने स्वतः ठेवावी, असा आग्रह धरावा. आपल्याच वहीतील आकडा माणसास जे पटवून देतो, ते दुसऱ्याचे व्याख्यान पटवून देऊ शकत नाही.

शासकीय यंत्रणेनेही क्रम उलटा करू नये. आधी मोजण्याची रीत लिहून काढावी, मग साधन पारखावे, मग ते मच्छीमारांस दाखवावे, आणि दंडाचा विचार त्यानंतर करावा. या क्रमाने गेल्यास थोडा काळ अधिक लागेल, हे उघड आहे. परंतु समुद्रातील मासळी राखण्याचे काम गस्ती नौकेच्या भीतीवर फार काळ चालणारे नाही. समुद्रावर प्रत्येक जाळ्यामागे एक निरीक्षक कधीच उभा करता येणार नाही. तेथे जाळे टाकणारा तांडेलच आपला निरीक्षक असतो. त्याचा मापावर विश्वास बसला, तर नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून नौका पुन्हा समुद्रात लोटताना तो योग्य आसाचेच जाळे बरोबर नेईल, आणि पुढच्या पिढीसाठी पापलेटाची पिल्ले त्यातून सुखरूप निसटतील.